ठिबकवाल्याचा फोन

धारूरचा घाट उतरून तेलगावकडच्या सपाटीला लागलं की कारखाना सुरू झाल्याचं आधी नाकाला कळतं. धुराडं नंतर दिसतं. मळीचा गोडसर, आंबूस, जरासा कुजका वास थंड हवेत खाली बसलेला असतो आणि मोटारसायकलवरच्या माणसाच्या थेट तोंडात शिरतो. ह्या मळीची देशी दारू ज्यांनी कधी घेतली नाही ते रुमाल लावतात आणि पुढे जातात. माझं रुमालानं भागत नाही. भर चौकात जुन्या मित्रानं हाक मारावी आणि आपण ऐकूच आलं नाही असं दाखवून निघून जावं, तसा मी दर रविवारी त्या वासातून जातो.

यंदा दिवाळी सरली आणि दोन-तीन आठवड्यांत बॉयलर पेटला. पहिल्या ट्रॉल्या आमच्या युसूफ वडगावातूनही गेल्या. उसाच्या मोळ्या घराच्या पत्र्यापेक्षा उंच, मागे दिवा नाही की लाल फडकं नाही, आणि पुढे ट्रॅक्टरवर गाणी अशी की खिडकीची तावदानं थरथरावीत. माझी बायको सुनीता ओट्यावर गहू निवडत बसली होती. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि परत सुपात घातली. गेल्या वर्षीच्या हंगामाचं आम्ही घरात नाव काढत नाही. ट्रॉल्यांना ते कोण सांगणार? त्या येतात आणि सगळं आठवून देऊन जातात.

मी हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक आहे. परीक्षानळ्या धुणं, आम्लं मोजून देणं, स्पिरिटच्या दिव्यांच्या वाती कापणं, हे माझं काम. पिणं बारा वर्षांचं. आधी कधीमधी, मग शनिवारी, मग वार बघायचं सोडलं. आमच्या वस्तीत लग्न असो, नामकरण असो, कुणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन असो, बुद्धवंदना घ्यायला लोक मलाच पुढे बसवायचे. वडील वंदना घ्यायचे, म्हणून मी. शिवाय आवाज बरा. पंचशीलातलं पाचवं शील दारूपासून दूर राहण्याचं. ते मी म्हणायचो, माझ्यामागून सगळा मांडव म्हणायचा, आणि पहिल्या रांगेत बसलेल्यांना माझ्या तोंडाचा वास यायचा. कुणी कधी बोललं नाही. पुतणीच्या लग्नात मात्र मी चौथ्या शीलावर थांबलो. जीभच पुढे सरेना. विसरल्यासारखं केलं. मागच्या लोकांनी पाचवं आपलं आपण म्हटलं आणि मी खाली सतरंजीच्या रेघा बघत बसलो. ती लाज माझ्या अंगावरून अजून उतरलेली नाही.

त्यानंतरही मी पीत राहिलोच. लाजेनं दारू सुटते असं ज्यांना वाटतं त्यांना दारूही कळलेली नसते आणि लाजही. एका दुपारी शाळा सुटल्यावर मी स्पिरिटच्या बाटलीचं बूच काढून तिच्यासमोर उभा राहिलो. ते विष आहे, त्यानं डोळे जातात, हे वर्षातून दोनदा पोरांना बजावून सांगणारा माणूस मीच. तरी हातानं ग्लास शोधला. ग्लास धुतलेला नव्हता, म्हणून मी नळाकडं वळलो आणि नळाला पाणी नव्हतं. एवढ्यावरच मी वाचलो. त्यात माझी कर्तबगारी काडीची नाही.

बसच्या सीटच्या पाठीवर चिकटवलेला एक कागद मला बऱ्याच दिवसांपासून ठाऊक होता. ‘दारू सोडायची इच्छा आहे? आम्हीही पीत होतो.’ खाली फोन नंबर आणि त्याचा शेवटचा आकडा कुणीतरी नखानं खरवडलेला. बहुतेक माझ्यासारख्यानंच. मी शून्यापासून सुरुवात केली. एक मिठाईवाला निघाला, एक बाई निघाली, तिनं नवऱ्याच्या हातात फोन दिला, एका म्हाताऱ्यानं मला त्याचा जावई समजून दहा मिनिटं झापलं. सातवर एक शांत आवाज म्हणाला, “बोला. आज घेतली का अजून न्हाई?” मी म्हणालो, “अजून न्हाई.” तो म्हणाला, “मग आज न्हाईच घ्यायची. रविवारी चार वाजता तेलगावला या.” केजलाही असा एक गट होता, तिकडं जायला अर्धा तास पुरला असता. पण केजला माझे सासरे राहतात. म्हणून मी घाट ओलांडून दीड तास लांब गेलो. तिथं आलेल्यांतले निम्मे असेच लांबचे होते. आपापल्या गावाला चुकवून आलेली माणसं.

जागा म्हणजे बालवाडीची खोली. एका भल्या बाईंनी रविवारपुरती किल्ली दिलेली. भिंतीवर फळांचा तक्ता, पक्ष्यांचा तक्ता, आणि खाली सतरंजीवर दहा-बारा थोराड बाप्ये मांडी घालून. ज्यांना सगळे बप्पा म्हणायचे ते एस.टी.तून निवृत्त झालेले ड्रायव्हर गट चालवायचे. त्या फोनवरचा आवाज त्यांचाच. पहिल्याच दिवशी त्यांनी नेम सांगितला.

“हितं आडनाव सांगायचं न्हाई. गाव सांगायचं न्हाई. नाव सांगायचं आन् आज पिली का न्हाई ते सांगायचं. बस.”

“आडनाव कावून न्हाई, बप्पा?” कुणीतरी विचारलं.

“आडनाव आलं की जात आली, आन् जात आली की माणूस निम्मंच बोलतंय.”

माझ्या उभ्या आयुष्यात आडनाव न विचारणारी ती पहिली खोली. आमच्या जिल्ह्यात माणूस भेटला की आधी नाव, मग ‘पूर्ण नाव?’ आणि ते ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे काय व्हायचं ते होतं. बालवाडीत मी नुसता उत्तम होतो. चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा नुसता उत्तम. मला तो नेम इतका आवडला की त्याच्या पोटात काय आहे हे तपासायची मला गरजच वाटली नाही.

माझ्याबरोबर त्याच दिवशी आणखी एक जण नवा आला होता. बारीक अंगाचा, बोलताना जमिनीकडं बघणारा, नखांत काळं गेलेलं, म्हणजे मिस्त्रीकाम करत असणार. पाळी आल्यावर उभा राहिला. “माझं नाव राजू. मला बोलता येत न्हाई. आज पिली न्हाई.” आणि खाली बसला. मराठवाड्यात राजू कुठल्याही घरात असतो. त्याचाही तो चौथा दिवस होता, माझाही चौथा. शाळेत एकाच दिवशी नाव घातलेल्या पोरांसारखे आम्ही शेजारी बसू लागलो.

तो बोलायला लागला तिसऱ्या की चौथ्या रविवारी. आवाज मुळीच न चढवता म्हणाला, “मी सात बार सोडली. दर बारीला पोरीच्या डोस्क्यावर हात ठिवून. आता मी नुसता हात वर केला तरी ती पोरगी डोस्कं बाजूला घेती.” बप्पांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मी राजूकडं बघायचं टाळलं, कारण माझ्याही घरात एक मुलगी आहे आणि तिच्याही डोक्यावर मी हात ठेवलेला आहे.

“म्हणून आता शप्पत न्हाई घेणार,” तो म्हणाला. “घरी सांगणारच न्हाई. शंभर दिवस हू दे. शंभर झाले की सांगणार, बघ, रविवारी मी हितं जात होतो.”

“तोवर घरच्यांना काय वाटंल?” बप्पांनी विचारलं.

“जे वाटाया पायजे त्येच वाटंल. पियाला गेला असंल. त्यांची चूक न्हाई.”

पाचला चहाची सुट्टी व्हायची. आम्ही दोघं बाहेर मोटारसायकलींपाशी उभे राहायचो. माझ्या गाडीचा चोक अडकायचा, तो बोलता बोलता नीट करून द्यायचा. मला सर म्हणायचा. एकदा वाऱ्याबरोबर वासाचा लोटच आला, तेव्हा त्यानं हातातला कप खाली ठेवला. “सर, ह्या वासाचं काय करावं? तुमी घाट चढला की सुटले. मी ह्याच्यातच ऱ्हातो. दुकानात वास, जेवाया बसलो तर भाकरीला वास. मळीचा टँकर दुकानाम्होरून जातो तवा मी पाना खाली ठिवतो आन् आकडे मोजतो.”

“कुठवर मोजता?”

“एकदा दोनशेपातूर गेलतो. टँकर फाट्यावर अडकला होता.” आणि हसला. मी त्याला हसताना दोनदाच बघितलं, त्यातलं हे एक. म्हणजे तो तिथलाच, जवळपासचाच कुणी होता एवढं कळलं. दुकान कुठलं, गाव कुठलं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. नेम आठवला आणि गिळलं.

आम्ही फोन नंबर घेतले ते असेच चहाच्या वेळी. बप्पांचं सांगणं होतं की ओढ लागली की आधी फोन करायचा, बाटली नंतर. पण आमच्याकडं फोन एकट्याचा नसतो. वाजला की जो जवळ असेल तो उचलतो, नाव मोठ्यानं वाचतो. म्हणून गटातली सगळी मंडळी एकमेकांना खोट्या नावांनी ठेवायची. बप्पा माझ्या फोनमध्ये ‘गॅस एजन्सी’ होते. राजूनं माझ्यासमोरच मला ‘बॅटरीवाले’ करून टाकलं. मी त्याला ‘ठिबकवाला’ केलं. त्या दिवसांत माझ्या भावाच्या दोन एकरांत ठिबक बसवायचं चाललं होतं, तो खराखुरा ठिबकवाला मला दिवसातून तीनदा फोन करायचा. त्यात आणखी एक ठिबकवाला मिसळला तर ना शाळेत कुणाला शंका येणार होती ना पाहुण्यांत. मला माझ्या हुशारीचं कौतुकही वाटलं.

अकराव्या रविवारी राजू उभा राहिला आणि म्हणाला, “चौऱ्याहत्तर.” एवढंच. खाली बसताना माझ्या मांडीवर थाप मारली. ते त्याचं दुसरं हसणं.

त्याच आठवड्यातला गुरुवार. शाळेत बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक टेबलाशी, सगळ्या खोलीत कुजक्या अंड्यांचा वास, आणि मी एका ब्युरेटची गळती थांबवत गुडघ्यावर बसलेलो. पावणेपाच वाजले होते. कपाटावर ठेवलेला माझा फोन गुरगुरला. शेजारच्या शिपायानं वाचलं, “सर, ठिबकवाला.” मी म्हणालो, “मरू दे.” परत गुरगुरला. मी उठलो, पडद्यावर नाव बघितलं, मनात म्हटलं ह्या माणसाला वेळकाळ काही आहे की नाही, आणि फोन पालथा घातला.

मीच घातलेलं खोटं नाव, आणि फसलो मीच. साडेसहाला शेवटच्या परीक्षानळ्या धुताना माझ्या डोक्यात लख्ख पडलं की खऱ्या ठिबकवाल्याचं काम आठ दिवसांपूर्वीच संपलंय. हात ओलेच होते. मी फोन लावला. घंटी शेवटपर्यंत वाजली. कुणी उचलला नाही. परत लावला नाही. का नाही लावला? म्हटलं, कामात असेल, रविवारी भेटेलच. त्या ‘भेटेलच’चा मला आज इतका राग येतो की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

रविवारी राजू आला नाही. फोन बंद. त्याच्यापुढच्या रविवारीही नाही. मी म्हणालो, आपण शोधायला जाऊ. बप्पा म्हणाले, “कुणाच्या दारात जायचं न्हाई. त्याच्या घरी ठाऊक न्हाई. आपण जाऊन सांगायचं का?”

“दार कुठं हाय ते तरी ठाऊक हाय का कुणाला?”

कुणालाच नव्हतं. खोलीत अकरा माणसं होती. त्याची पोरगी डोकं बाजूला घेते हे आम्हाला ठाऊक होतं, टँकर आला की तो आकडे मोजतो हे ठाऊक होतं. बायकोपाशी तो जे बोलला नसेल ते आमच्यापाशी बोललेला. आणि त्याचं आडनाव काय, गाव कुठलं, दुकान कशाचं, हे एकालाही सांगता येईना. तिसऱ्या रविवारी मीटिंग सोडून मी तेलगावात गॅरेजं धुंडाळली. राजू मिस्त्री म्हटल्यावर चौघं निघाले, चारही दुसरेच.

मग बुधवारी दुपारी, मधल्या सुट्टीत, फोन वाजला. ठिबकवाला. मला इतका आनंद झाला की मी व्हरांड्यात पळतच गेलो. त्याला मी आजवर कधी अरेतुरे केलं नव्हतं. त्या दिवशी तोंडातून निघून गेलं.

“कुठं मेलतास बे इतके दिवस?”

पलीकडून एका बाईचा श्वास ऐकू आला.

“तुमी बॅटरीवाले ना?” ती म्हणाली. “रुबीनाच्या अब्बांचा फोन हाय ह्यो. मी त्यांच्या घरातून बोलती.”

मी म्हणालो, “कोण रुबीना? हा राजूचा नंबर ना?”

“राजू म्हणत होते का तुमी त्यांना?” ती म्हणाली. “रज्जाक. शेख रज्जाक. दिंद्रुडला रेडिएटरचं दुकान होतं.”

असं मला माझ्या मित्राचं नाव कळलं, आणि त्याच वाक्यात ते ‘होतं’ही. ती इद्दतीत, नवरा गेल्यावरच्या सुतकाच्या महिन्यांत, बसलेली होती, घराबाहेर पडायची नव्हती. तिच्या भावानं फुटलेल्या फोनची काच बदलून आणून दिली होती, म्हणून तो आता सुरू झाला होता. त्यात शेवटचे दोन फोन ‘बॅटरीवाले’ला गेलेले तिनं बघितले. तिचा आवाज अगदी सपाट होता, माणूस रडून रडून रिकामा झाल्यावर होतो तसा.

“जुमेरातला, त्या गुरवारी, दुकानातून चारलाच उठून गेलते. मगरीबच्या वक्ताला, दिवस बुडताना, तेलगावच्या रस्त्याला उसाची ट्रॉली उभी होती, टायर फुटलेली. मागं दिवा न्हवता. त्यांची गाडी तिच्याखाली गेली.” मग म्हणाली, “तुमचा बी एक फोन आलता त्याच्यानंतर. तवा ते रस्त्यावरच होते.”

माझी घंटी शेवटपर्यंत वाजली होती. ती कुठं वाजत होती हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

“मला एकच विचारायचंय,” ती म्हणाली. “लोक म्हणत्यात पिऊन होते. उचलणाऱ्यांनी सांगितलं, वास येत होता. दवाखान्याच्या कागदात काय लिवलंय ते भाऊ वाचून दावत न्हाई. त्यांनी तुमाला फोन केला तवा ते पिलेले होते का?”

हे तिला किती लागत असेल ते मला कळत होतं. माझ्याही घरात दारू हे नुसतं व्यसन नाही, मोडलेलं शील आहे. तिच्या घरात तर त्याहून जास्त. तसा माणूस कुठल्या तोंडानं वर गेला हा तिचा प्रश्न होता. आणि त्याचं उत्तर एका माणसाकडं असू शकलं असतं. त्यानं फोन पालथा घातला होता.

मी म्हणालो, “भाबी, तिथं सगळ्यालाच वास येतो. मळीचा. उसाला येतो, रस्त्याला येतो, माझ्या कपड्यांना येतो. वासावरून काही कळत नाही.”

“म्हंजे पिलेले न्हवते?”

खोटं बोलणं किती सोपं होतं. बारा वर्षं मी दुसरं काय केलं होतं? पण बालवाडीच्या खोलीत खरं बोलणं तेवढं एकच शिकवतात, आणि मी ते नेमकं नको तिथं पाळलं. म्हणालो, “मला माहीत नाही. त्यांनी फोन केला. दोनदा केला. मी उचलला नाही.”

मग मी नेम मोडला. रविवार, बालवाडी, सतरंजी, बप्पा, चौऱ्याहत्तर, सगळं सांगितलं. शंभर झाले की ते तुम्हाला सांगणार होते, हेही सांगितलं. मला वाटलं हे ऐकून तिला जरा बरं वाटेल. किती मूर्ख असतो माणूस.

“रविवारी मी त्यांच्याशी बोलत न्हवते,” ती म्हणाली. “दर रविवारी. मला वाटायचं पियाला चाललेत. ताट पुढं सरकवायची आन् उठून जायची. अकरा रविवार.”

आणि फोन ठेवला.

तो माझा अठ्ठ्याण्णवावा दिवस होता. शाळा सुटल्यावर मी घरी गेलो नाही. देशीच्या दुकानात गेलो आणि प्यालो. दुःखानं प्यालो असं म्हणायची सोय आहे, पण ते खरं नाही. प्यायला मिळेल असं कारण सापडलं म्हणून प्यालो. राजूचा मी तसाही वापर केला. रविवारी तसाच, दारू पोटात असताना, अंथरुणात पडून होतो आणि पाच वाजता फोन वाजला. मधल्या काळात ‘ठिबकवाला’ खोडून मी त्या नंबरवर त्याचं खरं नाव घातलं होतं. पडद्यावर ‘शेख रज्जाक’ आलं. मी उचलला. ती विचारत होती, खोलीत ते कुठं बसायचे? दाराकडं की भिंतीकडं? मी सांगायला गेलो आणि जीभ जड झाली.

“तुमी पिलेत,” ती म्हणाली. “तुमचं पुरं नाव काय?”

मी सांगितलं. उत्तम किसन साळवे. गाव सांगितलं, शाळा सांगितली. आडनावासकट मी स्वतःला तिच्या हवाली केलं असं मला वाटलं.

पुढच्या रविवारी बालवाडीत उभा राहून मी म्हणालो, “माझं नाव उत्तम. आज तिसरा दिवस.” पाचला चहाच्या सुट्टीत तिचा फोन. “गेलते का?” मी म्हणालो, “इथंच आहे, भाबी.” तिनं ठेवून दिला. तेव्हापासून दर रविवारी पाचला. गटात तिचा फोन सगळ्यांना ठाऊक आहे. चहा हातात घेतला की बप्पा माझ्या खिशाकडं बघतात. ती गोड बोलत नाही. मला माफ केलंय असं ती कधी म्हणाली नाही आणि मी मागितलंही नाही. हे ती का करते, ते मी विचारलेलं नाही. आता आमच्या गटात नव्या माणसाला बप्पा जुनाच नेम सांगतात, आडनाव नाही, गाव नाही. पण चहाच्या वेळी ते एक वही काढतात. तिच्यात प्रत्येकानं आपलं पूर्ण नाव आणि घरचं दार लिहायचं. ती वही कुलपात असते. कुलूप कधी उघडायचं ते मात्र अजून ठरलेलं नाही.

यंदाचा हंगाम लागल्यापासून मी नीट झोपलेलो नाही. गेल्या रविवारी घाट उतरलो आणि वास असा आला की पुढं जाववेना. फाट्यावर थांबलो. एक चहाची टपरी, समोर देशीचं दुकान. मी टपरीवर बसलो. चहाच पीत होतो, हे खरं. तीन कप. चार वाजले, बालवाडीत सतरंजी अंथरली गेली असेल. साडेचार वाजले. समोरच्या दारातून माणसं आत जात होती, बाहेर येत होती, आणि मी त्यांच्याकडं पाहुण्यांकडं बघावं तसा बघत होतो. मीटिंगला सहापर्यंत जाता आलं असतं. देशीला तर आत्ताही. पाचला फोन वाजला. शेख रज्जाक.

पालथा घालावा असं मनात आलं. आलं, हे लिहूनच ठेवतो. मग उचलला.

“हायत ना खोलीत?”

एक ट्रॅक्टर गाणी लावून बाजूनं गेला.

“न्हाई,” मी म्हणालो.

“कावून?”

वास म्हणावं तर ती त्याच वासात राहते, भाकरी त्याच वासात थापते. मी नुसता कुठं बसलोय ते सांगितलं, आणि समोर काय आहे तेही.

“फोन ठिवू नका,” ती म्हणाली. “चालू ऱ्हाऊ द्या आन् खिशात घाला. गाडीचा आवाज येऊ द्या मला.”

मी चहावाल्याला हात केला, गाडीपाशी गेलो. चोक अडकला होता. त्यानं दाखवलं होतं तसा तो अंगठ्यानं दाबून सोडला. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. छातीशी, सदऱ्याच्या खिशातून, इंजिनाच्या आवाजावर तिचा आवाज आला.

“सावकास जावा. ट्रॉल्या उभ्या असत्यात.”